हॉटेलचं काम आणि छोटे कोर्स : तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगा बारावी नापास, वय 20. एक संस्था तीन महिन्यांच्या कुकिंग कोर्सचे 45 हजार मागते, 'शंभर टक्के नोकरी' म्हणते. भरू का? (नंदनवन)

दादा, पैसे भरण्याआधी एक दिवस न सांगता तिथे जा आणि किचन बघा. शेगड्या किती आहेत, मुलांच्या हातात सुरी आहे की वही? 20 मुलांमागे 2 बर्नर असतील तर तुमचा मुलगा तीन महिने सरांनाच कांदा चिरताना बघणार. हॉटेल त्याला कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा नवखा मदतनीस, म्हणून घेईल आणि कॉमीचं काम म्हणजे 10-10 किलो कांदा एका मापाचा चिरणं, ग्रेव्ही तळाला लागू न देणं, आपलं टेबल सतत पुसत राहणं. हे हातालाच शिकवावं लागतं. प्रत्यक्ष हॉटेलात किती दिवस आणि कुठे पाठवता, हेही विचारा. नाव मिळालं की त्या हॉटेलात स्वतः जाऊन खात्री करा. नोकरीची हमी कागदावर देत नसतील तर ती हिशेबात धरू नका.

कर्ज काढून तर मुळीच भरू नका. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा वर्षभराचा कोर्स आहे, फी बरीच कमी. दहावी झालेली असली की अर्ज करता येतो. आणि त्याआधी एक करा. डिसेंबरात आपल्या नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन आणि लग्नसराई एकत्र येतात, तेव्हा हॉटेलांच्या बँक्वेटला, म्हणजे मोठ्या जेवणावळींना, रोजंदारीवर पोरं लागतात. त्याला 8 दिवस जाऊ द्या. 10 तास उभं राहणं झेपतं का, हे कुठलाच कोर्स आधी सांगत नाही. कितीतरी मुलं कामाला नाही, या उभं राहण्याला कंटाळून परत येतात, आणि तोवर घरच्यांचे पैसे गेलेले असतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : 10 वर्षं डबे करते. वय 39, सर्टिफिकेट एकही नाही. कोणी घेईल का? (सक्करदरा)

ताई, तुम्ही पहिलीपासून सुरुवात करायची गरज नाही. असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. जोडीला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं 'फॉस्टॅक' हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घ्या, ते एका दिवसात होतं. त्यातली एक गोष्ट आजपासूनच पाळा : शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे रेंगाळलं की जंतू भराभर वाढतात. आपल्या मे महिन्यात तर ओट्यावरचं वरण 45 अंशांच्या हवेतच बसलेलं असतं! ते गरम तरी ठेवा, नाहीतर लवकर थंड करून फ्रिजमध्ये टाका. नोकरी आधी हॉस्पिटलच्या आणि कंपन्यांच्या कँटीनमध्ये शोधा. 50 माणसांचा अंदाज न चुकणारा हात तिथे लगेच ओळखतात. वयाची भीती सोडा.

प्रश्न : मुलीला फ्रंट ऑफिसचा (हॉटेलच्या स्वागतकक्षाच्या कामाचा) कोर्स करायचा आहे. रात्रपाळीची धास्ती वाटते. (कामठी)

धास्ती रास्त आहे, पण त्यासाठी कोर्स थांबवू नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षा व घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीतच तिने विचारावं : गाडी दारापर्यंत येते का? 10 किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे, तेही विचारावं. उत्तर देताना मॅनेजर चिडला तर ती जागा सोडा.

प्रश्न : हाऊसकीपिंगचा कोर्स झाला. ताडोबाजवळच्या रिसॉर्टात जाऊ की शहरातच थांबू? (हिंगणा)

राहणं-जेवण मिळत असेल तर रिसॉर्टात पगार जास्त शिल्लक राहतो. पण ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. त्या तीन महिन्यांत पूर्ण पगार, अर्धा पगार की बिनपगारी सुट्टी, हे नेमणूकपत्रात लिहून घेतल्याशिवाय बॅग भरू नका.