‘अय्या’ कुठे शोभते आणि ‘बापरे’ कुठे?

प्रश्न : आम्ही मूळचे यावल तालुक्यातले असून सध्या जर्मनीत राहतो. व्हिडिओ कॉलवर आजीने “आजोबा ओट्यावरून पडले, पाय मुरगळला” असे सांगताच आमची नऊ वर्षांची मुलगी “अय्या!” म्हणाली. आजीला ते फार लागले. मुलीला हे कसे समजवावे?

उत्तर : आपल्या मुलीच्या मायेत काही कमी नाही. आश्चर्य वाटले की ‘अय्या’ म्हणायचे, एवढेच तिने ऐकून उचललेले दिसते. ‘अय्या’ हा बहुधा मुलीबाळींच्या तोंडी असलेला, कौतुकाचा किंवा गोड नवलाचा उद्गार आहे. नवी साडी, अचानक दारात आलेली मैत्रीण, बाळाचा पहिला दात अशा ठिकाणी तो शोभतो. दुखण्याखुपण्याच्या बातमीला तो लावला की सांगणाऱ्याला आपली थट्टा झाल्यासारखे वाटते.

तिथे हवा होता ‘बापरे’. भीतीच्या किंवा संकटाच्या क्षणी बापाला घातलेली हाक म्हणजे हा शब्द, आणि म्हणूनच त्यात धास्ती आणि कळवळा दोन्ही मावतात. तो मोठ्या आकड्यांनाही चालतो : भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर गेल्याचे किंवा केळीचा भाव एकदम कोसळल्याचे कळले, तरी ‘बापरे’च म्हणतात. फरक सुराने पडतो. आकड्याला तो झटकन, वरच्या पट्टीत निघतो. आजारपणाला आवाज खाली येतो, ‘बा’ लांबतो आणि पाठोपाठ विचारपूस येते. “बापरे! आता कसे आहेत? डॉक्टरांना दाखवले का?” हा प्रश्न मुलीकडून आवर्जून म्हणवून घ्यावा, कारण नुसता उद्गार काढून थांबले की ऐकणाऱ्याला तो कोरडा वाटतो.

त्यातला ‘रे’ ऐकून, हा शब्द मोठ्यांसमोर उद्धट ठरेल अशी शंका काही पालकांना येते. ती मनातून काढून टाकावी. व्याकरणात हे केवलप्रयोगी अव्यय आहे. ते वाक्याबाहेर उभे असते आणि तो ‘रे’ समोरच्या माणसासाठी नसतो, त्यामुळे आजोबांच्या देखतही ते खुशाल म्हणावे. ‘अरेच्चा’ हरवलेली किल्ली खिशातच सापडावी अशा लहानशा चकव्यासाठी राखावा. ‘अबब’ आता बोलण्यापेक्षा गोष्टींच्या पुस्तकांतच अधिक भेटतो.

हे शब्द यादी करून पाठ करायला लावू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी रविवारच्या कॉलमध्ये आजीला गावाकडची हकिगत सविस्तर सांगू द्यावी : कानबाईच्या रोटांची गडबड, खापरावर टाकताना फाटलेला मांडा, वादळात आडवी झालेली केळीची बाग. मुलीने आपल्या मनाने प्रतिसाद द्यावा आणि उद्गार चुकला तर आजीनेच, हसत, योग्य तो म्हणून दाखवावा.

खानदेशातल्या आजीच्या तोंडून अशा वेळी ‘माय वं!’ही येईल, कारण आपल्याकडच्या बायका अशा क्षणी आईला हाक मारतात. मुलीने तो उचलला, तर “प्रमाण मराठीत असे म्हणत नाहीत” असे सांगून तिला अडवू नये. आजीशी बोलताना तो ‘बापरे’इतकाच योग्य आहे.