लॅन केबल लावूनही ऑनलाइन गेम तुटत असेल तर

दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याखेरीज तुम्ही नवा राउटर विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळायला बसण्यापूर्वी विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, अखंड पिंग (उत्तर येते का हे पाहणारी छोटी हाक) लावून ठेवावे. गेम तुटताच दोन्हीकडची उत्तरे थांबली, तर केबल, पोर्ट, लॅन कार्ड (संगणकातला केबल जोडण्याचा भाग) किंवा खुद्द राउटर तपासावा. राउटर उत्तर देत असून केवळ बाहेरचे उत्तर थांबले, तर बाहेरच्या लाइनची तक्रार नोंदवावी.

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी पहिला प्रकार होता. टेबलाच्या पायाखाली केबल चेपली होती आणि लिंकचा वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसत होता. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे वेग असा घसरलेला दिसला की आधी केबलच बदलून पाहावी. प्लगची खिटी तुटलेली असेल, तर तो ‘टक्’ असा आवाज न करता सैल बसतो आणि जरा धक्का लागताच निसटतो.

केबल चांगली निघाल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी लॅन कार्ड बंद करण्याची संगणकाला दिलेली मुभा काढून टाकावी. शिवाय, आपल्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होतो का, हेही पाहावे. तसे होत असेल, तर राउटरला छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालू ठेवणारे उपकरण) पुरतो.