बेपत्तांचा शोध आणि घरबसल्या इंटर्नशिप

प्रश्न : मी पुण्यात मानवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतील एका संस्थेच्या ऑनलाइन इंटर्नशिपसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. मुदत तीन महिने, आठवड्याला बारा तास, मानधन नाही. वडील म्हणतात, हे फुकटात करून घेतलेले डेटा एन्ट्रीचे काम आहे. एकाही हाडाला हात न लावता न्यायवैद्यक मानवशास्त्र शिकता येते का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अर्ज जरूर करा, मात्र यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी मनाशी पक्के करा. न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणजे अवशेषांवरून माणसाची ओळख काढणे, आणि त्यासाठी लागणारी हाडे वाचण्याची विद्या पडद्यावरून येत नाही. छायाचित्रात हाडाचे वजन कळत नाही, पृष्ठभागाचा खडबडीतपणा बोटांना लागत नाही, आणि छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे झाले असेल तर डावे हाड उजवे म्हणून नोंदले जाते. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक शरीरात सर्वांत उशिरा, विशीच्या उत्तरार्धापर्यंत जुळत जाते. त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. पण ते पूर्ण जुळले आहे की जुळू लागले आहे, हा फरक हाड हातात फिरवून, तिरप्या उजेडात धरूनच समजतो. यासाठी तुम्हाला पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. इनामगावसारख्या उत्खननांतून मिळालेल्या मानवी सांगाड्यांच्या अभ्यासाची मोठी परंपरा डेक्कन कॉलेजात आहे. विभागप्रमुखांचे पत्र घेऊन तिथे, किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात, आठवड्याची एक दुपार मागून घ्या.

आता डेटा एन्ट्रीविषयी. बेपत्ता माणसाची ओळख पटते ती दोन नोंदींची गाठ पडल्यावर. घरच्यांनी सांगितलेले वय, उंची, दात, जुनी दुखापत, अंगावरचे कपडे ही एक नोंद, आणि सापडलेल्या अवशेषांवरून काढलेले अनुमान ही दुसरी. पहिली नोंद अनेकदा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, हाताने लिहिलेल्या कागदावर असते, आणि ती संगणकावर आणण्याचे काम बहुधा तुमच्यासारख्या प्रशिक्षणार्थींकडेच येते. एक उदाहरण आपल्याकडचेच घेऊ. आई सांगते, ‘साडेपाच फूट होता.’ म्हणजे पाच फूट सहा इंच, अर्थात १६७.६ सेंटिमीटर. कोणी कागदावर ५.६ लिहितो आणि संगणक ते दशांश फूट धरून त्याचे १७०.७ सेंटिमीटर करतो. दुसरा कोणी ५.५ लिहितो आणि पुढचा माणूस ते पाच फूट पाच इंच समजून १६५.१ करतो. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून काढलेल्या उंचीत मुळातच साधारण तीन ते चार सेंटिमीटरची तफावत गृहीत धरलेली असते. तिच्यात ही चूक मिसळली की खरा माणूस यादीतून वगळला जाऊ शकतो. ज्याला उंची कशी काढतात हे ठाऊक आहे, तोच ५.६ या आकड्यापाशी थबकतो आणि मूळ कागद पुन्हा मागवतो. म्हणून या कामाला मानवशास्त्राची विद्यार्थिनी हवी असते. वडिलांना हे एकदा कागदावर मांडून दाखवा.

त्यांना अर्जेंटिनाची हकीकतही सांगा. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथे हजारो माणसे नाहीशी केली गेली. लोकशाही परतल्यावर त्यांच्या शोधात दफनभूमी यंत्रांनी उकरल्या गेल्या, हाडे मोडली, एकमेकांत मिसळली आणि पुरावा नष्ट होऊ लागला. १९८४ मध्ये अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले, तेव्हा मानवशास्त्र, पुरातत्त्व आणि वैद्यक शिकणारी मुले-मुली त्यांच्या मदतीला आली आणि त्यांतूनच अर्जेंटिनाचे न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक उभे राहिले. या पथकाने पुढे अनेक देशांत काम केले. सायप्रसमध्ये १९६३-६४ आणि १९७४ च्या संघर्षांत बेपत्ता झालेल्या २००२ जणांच्या शोधासाठी तुर्की आणि ग्रीक सायप्रियट शास्त्रज्ञ एकाच प्रयोगशाळेत बसतात. त्यांच्या प्रशिक्षणातही या पथकाचा हात होता.

अर्ज करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. तुमच्या नोंदी दुसरे कोण तपासणार, देखरेख करणारी व्यक्ती स्वतः या विषयातील आहे का, आणि अवशेषांची छायाचित्रे दाखवली जाणार असतील तर ती कोणत्या परवानगीने? ती छायाचित्रे स्वतःच्या फोनवर कधीही साठवू नका आणि घरातल्या सामाईक संगणकावर उघडू नका. त्या छायाचित्रात कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाची तरी बहीण आहे. प्रशिक्षणार्थीकडूनच शुल्क मागितले, तर मागे फिरा. कामकाजाची भाषा स्पॅनिश आहे का, हेही पाहा. ब्युनोस आयरेसमधली दुपारी तीनची बैठक म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा, हे घरी आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : डीएनए चाचणी असताना हाडांच्या मोजमापांची गरज काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे जुलै १९९५ मध्ये सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी काही महिन्यांतच मूळ सामूहिक कबरी यंत्रांनी खोदून अवशेष दुसरीकडे पुरले गेले, त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. तिथे नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवण्याच्या पद्धतीमुळे जवळपास सात हजार जणांची ओळख पटली, हे खरेच आहे. पण प्रत्येक तुकड्याची चाचणी करणे शक्य नसते. कोणते हाड कोणाचे असू शकते, एका ढिगात किमान किती माणसे आहेत, नमुना कोणत्या हाडातून घ्यावा, हे मानवशास्त्रज्ञच ठरवतो. शिवाय ज्याच्याशी तुलना करायची तो नातेवाईकच पुढे आला नसेल, तर डीएनए जुळवायचा कोणाशी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपासून बेपत्ता आहे. आई ७४ वर्षांची आहे. घरात आम्ही काय जपून ठेवावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण आणि आपल्या आईंनी नऊ वर्षे जे सोसले आहे, त्यापुढे शब्द अपुरे आहेत, म्हणून थेट उपयोगाचे लिहितो. पोलीस ठाण्यातील मिसिंगच्या नोंदीची प्रत आणि क्रमांक हाताशी ठेवा. दाताच्या डॉक्टरांकडचे कागद, कोणत्याही जुन्या एक्स-रेची फिल्म, आणि भाऊ हसत असताना समोरचे दात स्पष्ट दिसतात असे छायाचित्र शोधा. भावाचे दुधाचे दात, त्याने वापरलेला टूथब्रश किंवा कंगवा, काही घरांत असते तशी वाळलेली नाळ, यांपैकी काही सापडले तर धुऊ नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर तारीख घाला.

आईंच्या डीएनए नमुन्याबद्दल तपासी अंमलदारांकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. भावंडांच्या नमुन्यापेक्षा आईचा नमुना तुलनेसाठी बराच अधिक भरवशाचा असतो, त्यामुळे हे लांबणीवर टाकू नका. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयकात बेपत्ता व्यक्तींसाठी स्वतंत्र सूची प्रस्तावित होती, परंतु ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणून पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल.

आणि एखाद्या निवांत दुपारी आईंजवळ बसून त्यांना आठवते ते सारे लिहून घ्या : लहानपणी कोणता हात मोडला होता, कोणती दाढ काढली, चालताना पाय ओढत असे का. उंची लिहिताना नुसता आकडा नको. ‘पाच फूट सहा इंच’ असे अक्षरांत लिहा.