लुगर पिस्तुलावर '42' असेल तर ते 1942 चं असतं का? त्याची किंमत कशी ठरते?

पत्नीच्या आजोबांनी 1945 साली जर्मनीहून अमेरिकेत आणलेलं पिस्तूल आता तुमच्याकडे आलंय, त्यावर '42' आणि '1940' दोन्ही आहेत, आणि विकण्याआधी ते घासून चकचकीत करावं का, असं तुम्ही विचारलंय. हात जोडून सांगतो, घासू नका. नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) तर मुळीच नको. आधी मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढा, टॉगल, म्हणजे वरचा बिजागरीसारखा भाग, मागे ओढा आणि चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा. मग बाकीचं.

'42' हे साल नाही. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची ती सांकेतिक खूण. आधी 'एस/42' होती, 1941 पासून 'बीवायएफ' आली. साल असतं चेंबरच्या माथ्यावर, म्हणजे तुमचं पी 08 (लुगरचं लष्करी नाव) हे 1940 चं. सुरुवातीला माउझरने सालसुद्धा लपवलं होतं: 'के' म्हणजे 1934, 'जी' म्हणजे 1935.

किंमत ठरते ती नंबरांवर. नळीच्या खालच्या बाजूला आणि फ्रेमच्या पुढच्या तोंडाशी पूर्ण नंबर व अक्षर असतं. टॉगल, ट्रिगर, डावीकडची प्लेट अशा सुट्या भागांवर त्याच नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. भिंग घ्या आणि एकेक जुळवत जा. एखादा जरी वेगळा निघाला तरी भाव लगेच उतरतो. मॅगझिनचा तळ विसरू नका. पिस्तुलाबरोबर दोन मॅगझिन देत, दुसऱ्यावर '+' ची खूण असे. नंबर जुळणारं मॅगझिन सापडलं तर ते खरं भाग्य.

मग रंग. 1937 पर्यंतच्या पिस्तुलांत ट्रिगर, सेफ्टी वगैरे बारीक भाग मधासारखे पिवळसर दिसतात, नंतर तेही निळे-काळे झाले. तुमच्या 1940 च्या पिस्तुलात ते पिवळे असतील, तर भाग बदललेत किंवा कुणीतरी हात फिरवलाय.

माझं पहिलं लुगर 1916 चं होतं, प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून घेतलेलं, अगदी आरशासारखं. घरी भिंगाखाली धरलं तर तपासनीसाच्या मुकुटाच्या ठशाच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि ब्लूइंगखाली गंजाचे बारीक खड्डे. पैसे मोजले होते अस्सलचे, विकताना जेमतेम निम्मे आले. तेव्हापासून झिजलेलं पण अस्सल पिस्तूल मला चकचकीतपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. काळ्या बेकेलाइट मुठीच्या 'ब्लॅक विडो'साठी कुणी जास्त पैसे मागितले तर भुलू नका, ते नाव युद्धानंतर विक्रेत्यांनी पाडलेलं आहे.

विक्री परवानाधारक डीलरमार्फतच करा, राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. त्याआधी आजोबांची ट्रंक नीट उपसा. सैनिकाला जप्त केलेलं हत्यार घरी न्यायची परवानगी देणारा लष्करी कागद मिळत असे. तो, आणि मागे कारखान्याचा ठसा व साल असलेलं चामडी होल्स्टर, ही दोन्ही पिस्तुलासोबतच ठेवा, वेगळी विकू नका.