पॉल जिंकला, मग आनंद का होत नाही?

प्रश्न : 'ड्यून' सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. शेवटी नायक पॉल बदला घेतो, सम्राटही झुकतो, तरी मनात काहीतरी टोचत राहतं. त्याची प्रेयसी चानी चिडून निघून जाते, पण पुस्तक वाचलेला मित्र म्हणतो तिथं असं काही नाहीच. मग डायरेक्टरनं कथेची वाट लावली का? आणि पॉलच्या नावानं होणारं हे धर्मयुद्ध नक्की सुरू करतं कोण?

उत्तर : वाट अजिबात लावलेली नाही. मित्राचं म्हणणं खरंय, फ्रँक हर्बर्टच्या 1965च्या कादंबरीत चानी शेवटपर्यंत पॉलसोबतच आहे, पण तिथं आपण पॉलच्या डोक्यात असतो, स्वतःच्या नावानं पुढं होणारी कत्तल त्याला आधीच दिसतेय हे आपल्याला कळत राहतं, पडद्यावर ते सगळं कसं दाखवणार, म्हणून डायरेक्टर डेनी विलनवनं ती शंका चानीकडे दिली. मला तरी हा बदल फार आवडला.

आता सुरू कोण करतं? मुळाशी बेने जेसेरिट, म्हणजे पडद्याआडून सूत्रं हलवणारा बायकांचा पंथ. तारणहार येणार अशा कथा त्यांनी फार पूर्वीच ग्रहाग्रहांवर पेरून ठेवल्यात, का, तर आपली एखादी बाई कधी तिथं अडकली तर लोकांनी तिला सांभाळावं. बस, एवढाच हिशोब. त्याच पंथातली जेसिका आणि तिचा मुलगा पॉल जीव वाचवायला त्याच कथेचा आधार घेतात आणि मग ती कुणालाच आवरत नाही. सिनेमातला स्टिलगर आठवा, वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या, पॉल म्हणतो मी महदी, म्हणजे तो तारणहार, नाही, तर हा म्हणतो बघा किती नम्र आहे, म्हणजे नक्की हाच! अशा माणसाला कुठला पुरावा पटवणार? लोक त्या सीनला हसतात, मला तोच सगळ्यात भयानक वाटतो.

खरी वाट लागली ती 1984च्या डेव्हिड लिंचच्या सिनेमात. शेवटी पॉल चक्क पाऊस पाडतो, म्हणजे भविष्यवाणी खरीच ठरली की! शिवाय पाणी त्या वाळूतल्या महाकाय किड्यांना विषासारखं, ते मेले तर त्यांच्यामुळेच मिळणारा मौल्यवान पदार्थ, स्पाइसही गेला, हा विचारच नाही.

आणि युद्ध म्हणाल तर हर्बर्ट ते दाखवतच नाही, दोन पुस्तकांमधल्या 12 वर्षांत ते होऊन जातं. 1969च्या 'ड्यून मसीहा'त पॉल स्वतःच स्टिलगरला हिशोब सांगतो, 61 अब्ज माणसं मारली, 90 ग्रह निर्जीव केले, 40 धर्मांचे अनुयायी संपवले. त्याआधी तो हिटलरनं मारलेल्या 60 लाखांचं सांगतो, तर स्टिलगरला तो आकडा किरकोळ वाटतो. हे पुस्तक नक्की वाचा, विलनवचा तिसरा भाग यावरच बेतलेला आहे.