मारामारी सोडवल्यानंतर

प्रिय,

नव्या वर्गात महिन्याभरात दोनदा मारामारी झाली आणि दोन्ही वेळा तू लगेच न्यायनिवाडा करायला बसलास. चूक तिथेच होते. आधी बघ्यांना पांगव. चार पोरं बघत असताना माघार कोण घेणार? मग दोघांना एकमेकांना दिसणार नाहीत असं बसव, पाणी दे, कुठे लागलंय का पाहा. वीसेक मिनिटं जाऊ दे. श्वास फुललेला असताना पोर खोटं तरी बोलतं, नाहीतर गप्प तरी बसतं.

‘का मारलंस?’ असं विचारू नकोस, त्यावर सबबच येते. ‘त्याच्या आधी काय झालं?’ विचार आणि मागे मागे जा: मधली सुट्टी, परिपाठ, काल रात्र. पेनावरून पेटलेलं भांडण पुष्कळदा आदल्या रात्री घरात जाऊन पोचतं. ऊसतोडीच्या गावात तर दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्यावर गेले, की आजीपाशी राहिलेली पोरं कोणती, हे पटावर पेन्सिलीने खुणावून ठेव. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपेपर्यंत, त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. गावात अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृह आहे का, तेही मुख्याध्यापकांना विचार.

लगेच सर्वांदेखत हात मिळवायला लावू नकोस. राग तसाच राहतो, वर अपमानाची भर. आणि बाप मारकुटा आहे की नाही हे कळल्याशिवाय त्याच संध्याकाळी घरी निरोप धाडू नकोस. छडीचं तर बोलूच नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने ती बंद आहे.

बालपणीचे आघात (मारहाण, आबाळ, घरातलं व्यसन वगैरे) मोजणारी दहा प्रश्नांची एक यादी हल्ली शिक्षक-प्रशिक्षणात फिरते. तिचं मूळ 1998 च्या अमेरिकन अभ्यासात आहे, तोही मोठ्या माणसांचा. आघातांचे प्रकार जितके जास्त, तितके पुढे आजार नि व्यसनं जास्त, हे त्यात दिसलं. पण ते समूहाबद्दल. एकट्या पोराला गुण देऊन त्याचं भविष्य सांगायला ती वापरू नकोस. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांच्या वाट्याला फार हाल आले, त्यांतलीही सुमारे एक तृतीयांश नीट उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. ते तूच असायला हवंस असं नाही. खिचडी वाढणाऱ्या मावशीही असू शकतात, तेव्हा त्यांना विश्वासात घे.

बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही निघालं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. खोदून विचारू नकोस, पोराचे शब्द जसेच्या तसे लिही. 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

प्रत्येक मारामारीची तारीख, वेळ, जागा आणि आधी काय घडलं, एवढं वहीत लिहीत जा. महिन्याभरात दिसेल, की पाण्याच्या टाकीजवळच होतंय, किंवा सोमवारीच. टाकीजवळ माणूस उभा करणं सोपं असतं. वही मात्र कुलपात ठेव.

तुझा,
जुना सहकारी