आजी मोतीबिंदूचं ऑपरेशन हिवाळ्यातच का म्हणते?

प्रिय ओवी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आजीला टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या, आणि आजी म्हणते "हिवाळामा करसू, आते नको, अजून पिकेल नही". मोतीबिंदू काय आंबा आहे का, असं तू विचारलंस, तर बरोबर विचारलंस.

आता अमळनेरला एप्रिलचं ऊन तू बघतेच आहेस. माझ्या आजोबांचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं, ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्याला मोठी चीर द्यायचे, वर टाके, मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, चावायचं नाही म्हणून पातळ खिचडी. खान्देशच्या मे महिन्यात घाम, धूळ, वर लाईट गेलेली, कोण करेल? आणि तेव्हा डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचे पण नवीन बसवायचे नाहीत, मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यातून सगळं जवळजवळ पाव पट मोठं दिसायचं, आजोबा बिचारे चहा बशीत ओतायला जायचे आणि तो धोतरावर! असा चष्मा लागणार म्हटल्यावर अगदीच दिसेनासं होईपर्यंत लोक थांबायचे, तेच ते "पिकणं".

आणि गंमत म्हणजे ऋतू बघणं त्याहून खूप जुनं आहे. सुश्रुतसंहितेत लिहिलंय की फार ऊन नको, फार थंडीही नको अशा काळात हे करावं. पेशंटला बसवून, बांधून, स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगायचं आणि वैद्याने डाव्या डोळ्याला उजव्या हाताने, उजव्याला डाव्या हाताने सळई लावायची. नंतर शिंकायचं नाही, खोकायचं नाही, ढेकरसुद्धा नाही. तेव्हा भिंग बाहेर काढत नसत, नुसतं बाजूला ढकलत. कापून बाहेर काढायला सुरुवात केली फ्रान्सच्या दाव्हिएलने, 1747 मधे.

नवीन भिंग मात्र आपल्या इंग्लंडचंच. लंडनला पार्लमेंटसमोर नदीपलीकडे ते सेंट थॉमस हॉस्पिटल दाखवलं होतं ना, तिथे 1949 मधे हॅरोल्ड रिडलींनी पहिलं बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे घुसलेले त्यांनी बघितले होते, आणि डोळा ते निमूट सहन करत होता. एका विद्यार्थ्याने विचारलं म्हणे की काढलंत तर नवीन का नाही बसवत, तुझ्यासारखाच असणार तो. मोठमोठ्या डॉक्टरांनी रिडलींना वर्षानुवर्षं वेड्यात काढलं, 'सर' व्हायला 2000 साल उजाडलं, तेव्हा ते 93 वर्षांचे होते!

आता चीर तीन मिलिमीटरच्या आसपास, बहुतेकदा टाका नाही, त्याच दिवशी घरी. उलट फार पिकू दिला तर भिंग कडक होतं आणि डॉक्टरांनाच त्रास. आजी जुनाट आहे असं काही नाही, तिने तिच्या सासऱ्यांना त्या वाळूच्या पिशव्यांत पडलेलं बघितलंय. म्हणून तिच्याशी वाद घालू नको, हे पत्र वाचून दाखव, सुश्रुताचं आधी वाच म्हणजे ऐकेल.

आणि मम्मीला सांग, आजीच्या शुगरचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठव. ती फार वाढलेली असेल तर मात्र डॉक्टर स्वतःच तारीख पुढे ढकलतील.

तुझा पप्पा